मधल्या कॅम्पच्या नऊ रात्री

आरमोरीहून नागपूरला सरळ रस्ता ब्रह्मपुरी-नागभीडवरून जातो. लटारू कोहळे मात्र फौजेतून घरी आल्यापासून वडसा, लाखांदूर, पवनी असा वळसा घालून जायचा. तास-दीड तास जास्त, वर हाडं खिळखिळी करणारे खड्डे. बायको इंदुताई चिडवायची, "काऊन जी, नागभीडात दुसरी बसवून ठेवली हाये का? तोंड लपवून जाता ते?" लटारू हसायचा. हसायचा म्हणजे नुसते ओठ हलवायचा.

चोवीस वर्षं तो फौजेत क्लर्क होता. दहावीनंतर वडशाला टायपिंग शिकला आणि भरतीत लागला. बंदूक हातात यायची ती वर्षातून एकदा, परीक्षेपुरती. उरलेलं वर्ष तो माणसांचे दिवस मोजायचा. बाहेरच्या माणसाला वाटतं, सूर्य उगवला, मावळला, झाला एक दिवस. फौजेत एवढं सोपं नसतं. घरून निघाला तो दिवस सुट्टीतला की नोकरीतला? गाडी आठ तास लेट आली, ते तास कोणाचे? दवाखान्यात पडला ते दिवस मोर्च्यावरचे धरायचे की वजा करायचे? सगळ्याला नियम होता आणि लटारूला नियम पाठ होते. जवान त्याला 'कटौती बाबू' म्हणत. "बाबू, मैं मर गया तो वो दिन किसमें डालेगा?" असं विचारून एकमेकांच्या पाठीवर थापा मारत.

घरी आल्यावर त्याची छपरी, घरापुढची ओसरी, म्हणजे एक छोटं ऑफिसच झालं. पेन्शनचे कागद, बदलीचे अर्ज, कोणाचं काय अडलं की "लटारूभाऊकडे जा." चामोर्शीच्या पुढे जंगलातल्या चौकीवर असलेला गावचा पोलीस शिपाई प्रणित सुट्टीवर आला की मुद्दाम बसायला यायचा. लटारू त्याला सांगायचा, "आमचा दिवस उंचीवरून मोजतेत, जहाजवाल्यांचा बंदर सोडल्यापासून, इमानवाल्यांचे तं हवेतले तासच मोजतेत." प्रणित म्हणायचा, "आमचं बरं हाये भाऊ. आमचे कोनी मोजतच नाई."

डिसेंबरच्या एका दुपारी तो असाच छपरीत बसला होता. मागच्या बांधीत, धानाच्या शेतात, ट्रॅक्टरवर चुरणं म्हणजे मळणी चालली होती, हवेत भुसा उडत होता. फाटकातून तिशीची एक बाई आली. हातात कापडी पिशवी, पायात धुळीनं पांढऱ्या झालेल्या चपला.

"फौजेतले बाबू तुमीच का जी? नियम सगरे तोंडपाठ हायेत म्हनतेत तुमाले."

"बस, बाई. कुठून आली?"

"नागभीडून. मी दिव्यानी. निकेश बोरकरची बायको."

लटारूनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. काच स्वच्छच होती.

निकेश. ऑफिसच्या दारात बुटांवरचा बर्फ झाडत उभा राहायचा आणि आत पाऊल टाकायच्या आधी विचारायचा, "का भाऊ, धान निंगाले का जी आपल्याकडे?" हजार मैलांवर, सगळ्या हिंदी-पंजाबीच्या गलक्यात, तेवढं एक वाक्य झाडीपट्टीचं. त्या वाक्यासाठी लटारू त्याची वाट पाहायचा.

ती निकेशच्या युनिटबद्दल विचारायला आली होती, पण समोरचा लटारू त्याच युनिटच्या ऑफिसात बसायचा, हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं पिशवीतून दोन कॅलेंडरं काढली. भिंतीवरची, साधी, सणवार छापलेली. घड्यांवर चिकटपट्टी लावलेली. चौकोनाचौकोनात पेन्सिलीनं आकडे होते.

"पाच ऑक्टोबरले फोन आला त्यायचा. म्हने, आज वर चढून राह्यलो, नव्वद दिवस फोन नाई होनार. मी तवाच एक लिवली." बोट सरकत गेलं. "दोन जानेवारीले नव्वद भरले. तीनले मी आंगन सारवली. वाटलं, आता फोन येईल. सातले गेले ते. पंच्यान्नवावा दिवस." ती थांबली. "मले पैसे नाई पायजे, भाऊ. जे भेटाचं ते भेटलं. मले एवढंच सांगा, नव्वद झाले होते, मंग पाच दिवस ते वर काऊन होते?"

लटारूनं कॅलेंडर जवळ ओढलं.

"पेटी घेऊन आलेल्या सायबाले इचारली, ते म्हने बहुत अफसोस है. ऑफिसात इचारली, ते म्हने नियम. चार वर्स झाले. कोन्ता नियम, ते कोनी सांगत नाई."

नियम सांगणं लटारूला सोपं होतं. तो सांगू लागला आणि आवाज आपोआप ऑफिसचा झाला. पहाडावर एका उंचीला रेष आहे. बर्फावर नाही, कागदावर. तिच्या वर काढलेली एक रात्र म्हणजे एक दिवस; असे नव्वद झाले की माणसाला खाली उतरवतात. खाली काढलेली रात्र नव्वदात धरत नाहीत. निकेशची सहा जणांची तुकडी पाच तारखेला मधल्या कॅम्पला पोचली आणि वादळात अडकली. चौदा तारखेला वरच्या चौकीवर गेली. मधल्या नऊ रात्री...

"त्या मोजल्याच नाई?"

"कॅम्प रेषेच्या खाली हाये."

"किती खाली?"

लटारूनं गावच्या पाण्याच्या टाकीकडं पाहिलं. "अशा दोन टाक्या एकावर एक ठेवल्या, तं तेवढी."

"तथी बर्फ नोहोता?"

"होता."

"थंडी कमी होती?"

"नाई."

"छातीत पानी भरून मेले ना ते? मंग ते छाती रेष पाहाले जाते का जी?"

इंदुताई चहा घेऊन दारात आली होती. ती तिथंच थांबली.

दिव्यानीनं पिशवीतून एक झेरॉक्स काढला. दोन वर्षं अर्ज करकरून मिळालेला. सहा नावं, तारखा, इंग्रजी मजकूर. निकेशच्या नावापुढं सात जानेवारीला शहाऐंशी. नव्वद भरायचे होते अकरा जानेवारीला. बाकीचे पाच जण बाराला जिवंत खाली उतरले होते.

"हे मोठी सई सायबाची हाये, ते एकानं सांगतलं. हे खालती बारीक कोनाची जी?"

दोन अक्षरं आणि खाली एक रेघ. चोवीस वर्षं हजारो कागदांवर काढलेली.

"असते एखाद्या क्लर्काची," लटारू म्हणाला. "ते बदलत राहतेत."

तिनं मान हलवली. तुकडीचं एवढं याला कसं ठाऊक, हेही तिनं विचारलं नाही; विश्वास ठेवला तिनं. कागदाची घडी करायला लागली. आता एवढं गप्प राहिलं की ती चारच्या बसनं निघून जाणार होती, आणि लटारू पुन्हा वडशावरून नागपूरला जाणार होता.

त्या नियमाखाली आणखी एक ओळ होती. वाटेत वादळानं अडकलेल्या रात्री, क्लर्कानं तसं मांडलं तर, साहेब नव्वदात धरू शकतात. लटारूला ती पाठ होती. आदल्याच महिन्यात त्यानं निकेशच्या सुट्टीत दोन दिवस धरून दिले होते, अगदी नियमानं. तरी सुभेदार सगळ्यांसमोर म्हणाला होता, "क्या बाबू, गाँववाले का दिन लंबा होता है?" सगळं ऑफिस हसलं होतं. त्यानंतर ही सहा नावं टेबलावर आली, त्यात निकेश होता. लटारूनं ती ओळ मांडली नाही. नऊ रात्री खोडल्या, खाली सही केली आणि त्या दिवशी त्याला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला.

"दे तो कागद," तो म्हणाला.

दिव्यानीनं दिला.

"हे सई माजी हाये."

धानाचा ट्रॅक्टर बंद पडला होता. कोणीतरी ड्रायव्हरला शिव्या घालत होतं. दिव्यानी बघत राहिली, आधी कागदाकडं, मग त्याच्याकडं.

"तुमी वळखत होते त्यायले?"

"रोज बोलत होतो."

"सायबाले इचारले असते, तं?"

"हो म्हनले असते. मीच नाई इचारलो."

"काऊन?"

त्यानं सुभेदाराचं सांगितलं. सांगताना ते इतकं हलकं निघालं की त्यानं वाक्य अर्धंच सोडलं. इंदुताईनं कप खाली ठेवला नाही, परत आत नेला.

 दिव्यानीनं दोन्ही कॅलेंडरं त्याच्या समोर पसरली आणि त्याच्याच खिशातला पेन काढून त्याच्या हातात दिला.

"लिवा. पहिलेपासून. सरकारी मोजनीनं नोका लिवू. ते बर्फात झोपले तेवढ्या रातींच्या मोजनीनं लिवा."

लटारू लिहू लागला. तिच्या पेन्सिलीवर शाईनं, नीट, ऑफिसच्या अक्षरात. पाच ऑक्टोबरला एक. मधल्या कॅम्पच्या उरलेल्या चौकोनांत दोन, तीन, चार करत नऊ. दसरा आला, दिवाळी आली, चौकोनात छापलेली. ती शेजारी बसून प्रत्येक आकडा बघत होती. एकदा त्याच्याकडून एक्केचाळीस दोनदा पडला, तर तिनं बोट ठेवलं. त्यानं खोडून नीट केला. दोन जानेवारीला नव्वद झाले.

पुढं पाच चौकोन उरले. पेन तिथं थांबला.

"इथी काय लिवू, बाई?"

"तुमचं नाव."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. ती कॅलेंडरकडं पाहत होती.

तीन तारखेच्या चौकोनात त्यानं लिहिलं, लटारू. चौकोन लहान होता, अक्षर दाबून बसवावं लागलं. चारला लिहिलं. पाचला लिहिताना शाईचा डाग पडला आणि त्यानं पेन खाली ठेवला. रस्त्यावरून नागभीडकडं जाणारी बस हॉर्न देत गेली. दिव्यानी उठली नाही. तिनं पेन उचलून पुन्हा त्याच्या बोटांत दिला.

"अजून दोन राह्यले, भाऊ."