माधव कुठे गेला, हे शोधणाऱ्या वसुधाताई

त्या मंगळवारी मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. केतकीचा फोन आला, मी कट केला. लगेच दुसरा आला आणि तो घ्यायच्या आधीच मला कळलं. "आई गेली गं मीनलताई," एवढंच ती म्हणाली. त्याला आता सहा आठवडे झाले. वसुधाताई जोगळेकरांना इथले, अमेरिकेतल्या एडिसनमधले लोक निरनिराळ्या कारणांनी ओळखत. कुणाला त्या केतकीची आई म्हणून माहीत होत्या, कुणाला मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात पेन्सिलने चुका दाखवणाऱ्या काकू म्हणून. मला मात्र त्या एका प्रवासामुळे कळल्या. तो प्रवास मी पाहिला आहे आणि तो सांगायचं मी कबूल केलं होतं.

आमची ओळख चौदा वर्षांपूर्वी लायब्ररीत झाली. मुलीच्या बाळंतपणासाठी त्या पुण्याहून आल्या आणि मग इथेच राहिल्या. पुण्यात छपाईची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीच्या मुद्रणविभागात त्यांनी चोवीस वर्षं मुद्रितशोधक म्हणून काम केलं होतं. चुकीचं छापलेलं काही दिसलं की त्यांना चैन पडत नसे. ही नोकरी त्यांना नवऱ्याच्या जागी मिळाली होती, हे मला माहीत होतं. नवऱ्याचं काय झालं, हे मात्र ओळख चांगली मुरल्यावर, एका रविवारी मी त्यांना आयसेलिनला वाणसामानासाठी घेऊन गेले तेव्हा, गाडीत बसल्या बसल्या त्यांनी सांगितलं. आवाज अगदी नेहमीचा होता, जणू दुसऱ्याच कुणाची हकिगत सांगत होत्या.

माधव जोगळेकर त्याच कंपनीत इंजिनिअर होते. रशियातल्या व्होल्गा नदीकाठच्या एका शहरात तसलीच यंत्रं बनत. तिथे वर्षभराच्या प्रशिक्षणासाठी कंपनीने त्यांना पाठवलं. दर आठवड्याला पत्र यायचं. मग एका फेब्रुवारीत तार आली... न्यूमोनिया. देह आणायची सोय झाली नाही, दफन तिकडेच झालं. सासऱ्यांनी पुण्यात पालाशविधी केला. देह नसेल तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, तसा. वसुधाताई तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या आणि केतकी तीन वर्षांची.

दुःख तर होतंच. पण ज्याने त्यांना आयुष्यभर पोखरलं ते वेगळंच होतं. प्रेत कुणी पाहिलं नाही, पुतळा जाळला. त्यामुळे वर्षाच्या आतच नात्यात कुजबुज सुरू झाली. माधव मेलाच नाही, तिकडे एका रशियन बाईशी संसार थाटून बसलाय. वकिलातीमार्फत मृत्यूचा दाखला आला होता, पण तो रशियनमध्ये, कुणाला वाचता येईना. "कागद काय, कुणीही करून देतं," असं एक चुलतसासरे लग्नाच्या पंगतीत, त्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले होते. पुढे घरं बदलताना तो दाखलाही हरवला. केतकी हे ऐकतच मोठी झाली. वडिलांचा विषय निघाला की ती खोलीतून उठून जायची.

वसुधाताईंनी नकाशात ते शहर शोधलं होतं. सापडलं नाही. पत्रांवर जे नाव होतं ते कुठल्याच अॅटलासमध्ये नव्हतं आणि त्यामुळे कुजबुजणाऱ्यांना आणखी जोर आला होता. एडिसनच्या लायब्ररीत ओदेसाहून आलेली लारिसा नावाची एक बाई स्वयंसेवक म्हणून यायची. ताईंनी तिला जुना लिफाफा दाखवला. ती हसली. एक पुढारी वारल्यावर त्या शहराला त्याचं नाव दिलं होतं, ते जेमतेम पाच वर्षं टिकलं आणि मग शहराला आपलं जुनं नाव परत मिळालं, असं तिने सांगितलं. ते नाव रिबिन्स्क. माधवरावांची पत्रं नेमकी त्या पाच वर्षांतली होती. त्याच दिवशी ताईंनी लारिसाला विचारलं, मला रशियन शिकवाल का? लारिसाला वाटलं, चार-दोन वाक्यं हवी असतील. ताई चार वर्षं शिकल्या.

कोविडच्या आदल्या उन्हाळ्यात त्या जायला निघाल्या. गुडघे दुखत होते, साठी झालेली होती. केतकी सोबत यायला तयार नव्हती. स्वयंपाकघरात माझ्यादेखतच ती म्हणाली, "आणि लोक म्हणतात ते खरं निघालं तर?"

"तर तेही कळेल," ताई म्हणाल्या. "न कळण्यापेक्षा बरं."

मग त्या माझ्याकडे वळल्या. माझी तीन आठवड्यांची रजा शिल्लक आहे, हे त्यांना ठाऊक होतं. मी म्हटलं, सोबत म्हणून येते. त्यावर त्या म्हणाल्या, "सोबत नको मला. साक्षीदार हवाय. मी एकटी जाऊन आले तर म्हणतील, बाई मनाचं सांगते. तू फक्त बघ आणि जे दिसेल ते सांग. वाईट दिसलं तर वाईट सांग."

मॉस्कोहून रेल्वेने यारोस्लाव्हल, तिथून बसने रिबिन्स्क. मला काळवंडलेलं कारखान्यांचं गाव अपेक्षित होतं. कारखाने होते, जहाजबांधणीच्या गोदीच्या क्रेन लांबून दिसत होत्या, पण शहराचा नदीकडचा भाग इतका शांत की आपल्याच चपलांचा आवाज ऐकू यावा. काठाने पिवळ्या, गुलाबी रंगाच्या दुमजली इमारती, पुलाशेजारी उंच घंटाघराचं चर्च आणि धान्यबाजाराची जुनी देखणी वास्तू. एके काळी इथे धान्याच्या होड्या इतक्या दाटीने लागत की माणूस होड्यांवरून चालत पैलतीरी जाई, असं तिथले लोक सांगतात. त्या होड्या दोरांनी ओढणाऱ्या हमालाचा एक ब्राँझचा पुतळा काठावर बसवलेला आहे. बसलेला, दमलेला. ताई त्याच्याजवळ थोड्या थांबल्या. म्हणाल्या, "माधवने लिहिलं होतं, नदी इतकी रुंद आहे की बोलायची इच्छा होत नाही. मला वाटायचं, घरची आठवण येते म्हणून लिहितोय."

मुख्य रस्त्यावरच्या दुकानांना त्या शहराने जुन्या काळासारख्या पाट्या लावल्या आहेत. ताई पहिलीतल्या मुलासारख्या एकेक पाटी मोठ्याने वाचत चालल्या होत्या आणि वैतागत होत्या, कारण शब्दांच्या शेवटी एक जास्तीचं अक्षर होतं, लारिसाने न शिकवलेलं. शेवटी त्यांनी बेकरीतल्या बाईला विचारलं. ती म्हणाली, ही शंभर वर्षांपूर्वीची लिहायची पद्धत आहे, ते अक्षर उच्चारायचं नसतं. ताईंचा चेहरा उजळला. "म्हणजे आपले जुने अनुच्चारित अनुस्वार," त्या मला म्हणाल्या, आणि त्या प्रवासात पहिल्यांदा हसल्या.

दफनभूमीच्या कार्यालयातल्या बाईंनी जोगळेकर हे नाव रशियनमध्ये कसं लिहिलं जाईल त्या सगळ्या तऱ्हांनी शोधलं आणि सांगितलं, अशी नोंद नाही. मी ताईंकडे पाहिलं नाही. माझ्या मनात काय आलं ते आज कबूल करते... मला वाटलं, ते चुलतसासरे खरं बोलत होते. ताईंनी नोंदवही स्वतः पाहू का, असं विचारलं. बाहेरच्यांना दाखवता येत नाही, असं उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडायच्या आधीच आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो. दिवसभर बसलो. तिसऱ्या दिवशीही. ताई वाद घालत नव्हत्या, विनवण्या करत नव्हत्या. दर दोन तासांनी आत जाऊन तेच वाक्य त्याच नम्रपणे म्हणत आणि परत येऊन बसत. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या बाईंनी एक खुर्ची ओढली, वही त्यांच्यापुढे ठेवली आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

ताईंनी चष्मा पुसला. 'ज'च्या पानांकडे त्या गेल्याच नाहीत. दोन दिवस बाकावर त्या हाच विचार करत होत्या, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. रशियात कागदोपत्री आडनाव आधी लिहितात. 'माधव श्रीधर जोगळेकर' हे नाव कुणी तसंच उतरवून घेतलं असेल, तर माधव हेच आडनाव समजलं गेलं असणार. त्यांनी 'म' काढला. बोट ओळीओळीवरून उतरत होतं, चोवीस वर्षं प्रुफांवरून उतरलं तसंच. मग ते थांबलं. "मादखाव," त्यांनी वाचलं. रशियन अक्षरांत माधवचं मादखाव झालं होतं. पुढे जन्मवर्ष, मृत्यूची तारीख, भारत, न्यूमोनिया. ताई म्हणाल्या, "धकार चुकलाय." आणि मग वहीवर डोकं टेकून त्या रडल्या. कार्यालयातल्या बाई त्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या, पाठीवर हात ठेवून.

जागा बर्च झाडांच्या खाली होती. लोखंडी लहानसा स्तंभ, त्यावर पत्र्याची पाटी आणि भोवती कमरेएवढं कुंपण. ते पाहून आम्ही दोघी जागच्या जागी थांबलो. आजूबाजूची कुंपणं गंजून मोडली होती आणि हे मात्र निळ्या तैलरंगाने रंगवलेलं होतं, त्याच वर्षी रंगवल्यासारखं ताजं. कोणीतरी दर वर्षी येत होतं. कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, हो, एक म्हातारी येते, वसंतात, बर्फ वितळलं की. तिचं नाव झोया पावलोव्हना. पत्ताही त्यांनीच लिहून दिला. ताईंनी फुलं ठेवली, वाकून नमस्कार केला. माधवराव इथे वारले हे तर सिद्ध झालं होतं. पण चौतीस वर्षं परक्या माणसाचं कुंपण कोण रंगवतं?

झोयाबाई नदीपलीकडच्या एका जुन्या वसाहतीत, चौथ्या मजल्यावर राहत होत्या. लिफ्ट नव्हती. ताई एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत वर गेल्या. दार उघडलं ते चौऱ्याहत्तर वर्षांच्या, ताठ कण्याच्या बाईंनी. ताईंनी आपलं नाव सांगितलं आणि मग म्हणाल्या, "मी मादखावची बायको." झोयाबाईंनी दाराची चौकट धरली. आत नेलं, चहा ठेवला, लाल बेरींचा मुरंबा काढला आणि बोलायला बसल्या. पुढचं सगळं ताईंनी मला त्याच संध्याकाळी शब्दन्‌शब्द मराठीत सांगितलं.

झोयाबाई तेव्हा तिथल्या इस्पितळात नर्स होत्या. माधवरावांना रशियन फारसं येत नव्हतं. अंगात ताप होता आणि ते खुणांनी सांगत, जवळ बसा. त्या दोन दिवस, जमेल तेवढ्या बसल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या चहा प्यायला गेल्या. "पंधरा मिनिटं," झोयाबाई म्हणाल्या. "परत आले तर तो गेला होता. एकटा. त्याला त्याच्या भाषेत काही म्हणायचं असेल, ते ऐकायला कोणी नव्हतं. आणि मी चहा पीत होते." त्यानंतर दर वर्षी त्या जात राहिल्या. उशीखाली एका लहान मुलीचा फोटो सापडला होता, तो त्यांनी त्याच्या कोटाच्या खिशात घालून त्याच्याबरोबरच पुरायला लावला होता.

ताई चार वर्षं शिकलेल्या रशियनमध्ये शब्द जुळवत होत्या. मग म्हणाल्या, "तुम्ही पंधरा मिनिटं उशिरा आलात. मी चौतीस वर्षं. आपल्या दोघींत मला रागवायचा हक्क नाही." झोयाबाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले. मी त्या खोलीत होते. मी ते पाहिलं.

नेवार्कच्या विमानतळावर केतकी घ्यायला आली. घरी आल्यावर ताईंनी मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, सांग. मी सांगितलं, वही, पाटी, कुंपण, चहा, सगळं. केतकीने मान खाली घालून ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला. "कुठला फोटो?"

"पिवळ्या फ्रॉकमधला," ताई म्हणाल्या. केतकी उठली, सिंकपाशी गेली आणि नळ सोडून पाठमोरी उभी राहिली. पाणी किती तरी वेळ वाहत होतं.

पुढच्याच हिवाळ्यात पुण्याला एका लग्नात ते चुलतसासरे भेटले. आता नव्वदीचे, काठी घेऊन. ताईंनी फोनवरचा कबरीचा फोटो त्यांच्यापुढे धरला. आवाज न चढवता म्हणाल्या, "काका, हा माधव. पाटीवर नाव चुकलंय, पण माणूस तोच आहे. आता पुन्हा काही बोलू नका." ते पुन्हा बोलले नाहीत. मग कोविड आला, मग रशियाने सुरू केलेलं युद्ध. लारिसाने रशियन शिकवणं बंद केलं. तिचं गाव बॉम्बखाली होतं, तिच्या तोंडून ती भाषा निघेना. ताई तिला दर महिन्याला डबा नेऊन देत, पण भाषेबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. रिबिन्स्कला पुन्हा जायचं राहिलं. पण शनिवारी सकाळी दहाला, तिकडे संध्याकाळचे पाच, झोयाबाईंचा फोन यायचाच. गेल्या वर्षी कॅन्सरचं निदान झालं, तरी केमोच्या खुर्चीत ताई क्रियापदं पाठ करत बसायच्या. नर्सने विचारलं, आता कशाला? म्हणाल्या, शनिवारी चूक झाली की झोया हसते.

त्या गेल्या त्या आठवड्यातल्या शनिवारी दहाला फोन वाजला. केतकीने उचलला नाही. पुढच्याही शनिवारी नाही. तिसऱ्या शनिवारी तिने मला बोलावून घेतलं. ताईंच्या खोलीत आम्ही बसलो. पुस्तकात शोधून मी एका कागदावर दोन शब्द देवनागरीत लिहून दिले होते. फोन वाजला. केतकीने वाचलं, "मामा उमेर्ला." आई वारली.

पलीकडून झोयाबाईंनी एकच शब्द विचारला. "अद्ना?" मला कळेना. मी पानं उलटायला लागले. पण केतकीला एक, दोन, तीन येत होतं. आईचं पाठांतर दहा वर्षं भिंतीपलीकडून तिच्या कानावर पडत होतं. एक... एकटी. एकटी होती का?

"न्येत," केतकी म्हणाली. नाही. मग थोडं थांबून, अडखळत, "या बिला." मी होते.

झोयाबाई रडल्या, केतकीही रडली. दोघींना एकमेकींची आणखी काही भाषा येत नव्हती. फोन ठेवल्यावर केतकी आईच्या खुर्चीत जाऊन बसली. टेबलावर ताईंच्या वह्या होत्या. तिने मला विचारलं, रशियन शिकायला किती वेळ लागतो? मी म्हटलं, तुझ्या आईला चार वर्षं लागली.

"झोया ऐंशीच्या झाल्यात," केतकी म्हणाली. "चार वर्षं नाहीत माझ्याकडे." तिने सर्वांत खालची, पहिली वही ओढून काढली आणि पहिलं अक्षर गिरवायला घेतलं.