गाडी शिकव म्हटलं की

ऐंशीच्या दशकात आम्ही अमेरिकेत अर्विंगला राहायला गेलो, तिथे दूध आणायलाही गाडी लागायची. मला गाडी शिकव म्हटलं की नवरा म्हणायचा, "बघू." उन्हाळ्यात ऊन फार, थंडीत रस्ते निसरडे. त्याच्यात नाही म्हणायची हिंमत नव्हती आणि हो म्हणायची इच्छा नव्हती.

शेजारची अमेरिकन आजी म्हणाली, "याला आमच्यात पाय ओढत चालणं म्हणतात, म्हणजे मुद्दाम वेळ काढणं. चल, माझ्या गाडीवर शिक." शिकले, आणि पहिल्याच फटक्यात लायसन्स काढलं. घरी चकार शब्द काढला नाही.

नवरा कधीकधी मित्राच्या गाडीतून ऑफिसला जायचा. अशाच एका संध्याकाळी त्याचा फोन आला. मित्र लवकर निघून गेला होता, कुणाला तरी घ्यायला पाठव म्हणाला. मी आमची गाडी काढली. हायवेवर मी जितकी ताठ बसले होते, तितकी बोहल्यावरही बसले नव्हते.

ऑफिसच्या दारात मला पाहून तो बघतच राहिला. मग माझ्या खिडकीशी येऊन म्हणाला, "उतर, मी चालवतो."

मी इंजिनही बंद केलं नाही. म्हटलं, "बघू."