दुधासाठी निवडलेली गोळी

शेवगावकडच्या त्या गावात छबूबाईनं तीसेक बाळंतपणं काढली, एकही बाई दगावली नाही. मग तिच्यापुढं तोंड उघडायची कुणाची टाप? बाळंतिणीला पाणी घसा ओला होण्यापुरतंच द्यायचं, नाहीतर पोट सुटतं, हा तिचा कायदा. पोटची लेक धनश्री बाळंत झाली, तिलाही सूट नव्हती. पोरीनं तांब्याला हात लावला की छबूबाई तांब्याच उचलून आत न्यायची. "सव्वा म्हैना दम काढ की गं!"

आठव्या दिवशी धनश्रीचं डोकं ठणकू लागलं. छबूबाईनं मीठमिरच्या ओवाळल्या, कानाला फडकं बांधलं. कसलं काय! दहाव्या दिवशी झटके आले, तेव्हा कुठं नगरचा दवाखाना दिसला.

मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी झाली होती, मागं तुंबून थोडं रक्त मेंदूत सांडलंही होतं. डॉक्टरीणबाईंनी रक्त पातळ करायचं इंजेक्शन सांगताच छबूबाई कडाडली, "सांडलंय, तरी आनखी पातळ करता? मारता का पोरीला?"

"मावशी, वाट तुंबली म्हणून सांडलंय. गुठळी वाढली तर आणखी सांडेल. बाळंतपणात रक्त तसंही घट्ट होतं. पाणी किती पीत होती ही?"

जावई सुनील म्हणाला, "देतच नव्हत्या." खोटं नव्हतं ते.

धनश्री वाचली, पण मेंदूला मार बसला तो बसलाच. घरी सोडताना रक्त पातळ ठेवायच्या गोळ्यांचं निघालं. "नवी गोळी सोपी, सारखं रक्त तपासायला नको," बाई म्हणाल्या. "पण दुधातून बाळाला किती जाते, याची अजून पुरती खात्री नाही. जुनी गोळी अंगावर पाजताना चालते. फक्त दर आठवड्याला तपासायला यायचं."

"रोज इऊ," छबूबाई म्हणाली. निदान नातवाचं दूध तरी आपण तोडलं नाही, एवढाच आधार तिला उरला होता.

पण बाळ पुढ्यात ठेवलं की धनश्री नुसती बघत राहायची. छातीशी धरलं तर अंग चोरायची. छबूबाईनं अळिवाची खीर केली, देव पाण्यात ठेवले, पोरीचे पायसुद्धा धरले. महिन्यात दूध आटलं.

पुढच्या तपासणीला बाईंनी ते ऐकलं, रक्ताचा रिपोर्ट पाहिला, आणि जुनी गोळी खोडून नवी लिहिली. "आता ही चालेल. दर आठवड्याची सुई सुटली."

"बरं झालं, हेलपाटे वाचले," सुनील म्हणाला.

छबूबाईच्या मांडीवर बाळ भुकेनं रडत होतं. धनश्री वाकून त्याच्याकडं बघत म्हणाली, "आये, कुनाचं गं हे?"