बेस सोडवताना

दुपारी जेवून खुर्चीत जरा टेकतो. समोर फॉर्म आहे. उपग्रहावरचा यंत्रहात उड्डाणाला तयार आहे, असं मी चार वाजेपर्यंत लिहून द्यायचंय. डोळे मिटताहेत, पण ट्यूबलाइटची गुणगुण अजून ऐकू येतेय.

गुणगुण थांबते. टिपणीस मॅडम फॉर्म वाचत उभ्या आहेत. एकतीस वर्षं त्यांनी इथे रोबोटिक्स शिकवलं. हा यंत्रहात त्यांचाच, शेवटचा. माघात त्या गेल्या. हे मला ठाऊक आहे, तरी मी घाईघाईने शर्ट खोचतो.

"चाचणीत बेस फरशीला बोल्टने आवळला होतास ना रे?"

"उपग्रहाचा सांगाडा हलत होता, मॅडम. आकडे नीट येईनात."

"अरे शहाण्या, वर अंतराळात कोण आवळणार?"

खोटं कशाला बोलू, मला ते माहीत होतं. पण रॉकेटमधली जागा आता हुकली की पुन्हा दोन वर्षांनी.

त्या माझ्या हातात बोल्ट सोडवायची षटकोनी एलन की ठेवतात. आम्ही प्रयोगशाळेत आहोत. मी सांगाड्याखाली वाकून एकेक बोल्ट सोडवतो. शेवटचा निघतो तेव्हा गुडघ्यांखाली फरशी नाही. खाली पृथ्वी आहे, निळी, अफाट, आणि तिच्यावरून ढग सरकताहेत. माझी बोबडीच वळते.

यंत्रहात हळूच पुढे होतो आणि त्याबरोबर अख्खा उपग्रह मागे वळतो. किती शांतपणे! हे समीकरण मी फळ्यावर शंभरदा लिहिलंय, दिसलं मात्र आज. मला रडू येतं.

मी मॅडमच्या पाया पडायला हात पुढे करतो आणि त्यांच्यापासून लांब जायला लागतो.

"असू दे, पोचला नमस्कार," त्या हसतात.

"पण मॅडम, तुमचं काम यंदाच वर गेलं असतं."

"दोन वर्षं थांबेल की. मला आता कसली घाई?"

पुन्हा ट्यूबलाइट. साडेतीन वाजलेत. माझी मूठ घट्ट मिटलेली आहे. उघडतो. आत काही नाही, पण तळहातावर लालभडक ठसा आहे, सहा कोनांचा. बराच वेळ मी तो बघत राहतो. मग खाली प्रयोगशाळेत शलाकाला फोन लावतो. मॅडमची ती शेवटची विद्यार्थिनी.

"सर, झाली सही?"

"नाही करत. बेस मोकळा कर, चाचण्या पुन्हा घेऊ."

"जागा जाईल आपली."

"जाऊ दे."



"बरं झालं, सर. मॅडम असत्या तर ओरडल्या असत्या."

"ओरडल्या," मी म्हणतो.