तळलेली अक्षरं

त्या वर्षांत आम्ही कार्डिफमध्ये होतो. नवरा तिथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, मी नागपूरची नोकरी सोडून आलेली आणि घरी बसलेली, आणि आमची चार वर्षांची लेक. 'घरी बसलेली' हे लोकांचे शब्द. मी त्या घरात कधी बसल्याचं मला आठवत नाही.

दर रविवारी सकाळी मी कॉलिंग कार्डावरचा लांबलचक नंबर दाबून नागपूरला फोन लावायची. माझ्याशी बाबा जेमतेम दोन वाक्यं बोलायचे. खरा फोन नातीसाठी असायचा. त्यांच्या अंगणातल्या पेरूच्या झाडावर एक खार होती आणि ती दर आठवड्याला कुणाचं तरी काहीतरी पळवायची. कधी शेजाऱ्यांचा चष्मा, कधी पोस्टमनची टोपी. बाबा एक वाक्य सांगून थांबायचे, इकडून लेक "मग?" म्हणायची, की तिकडून पुढचं वाक्य यायचं. गोष्ट सांगणारा एक आणि हाकणारी दुसरी. असे ते दोघं अर्धा अर्धा तास चालायचे आणि मी पोळ्या लाटून घ्यायची.

त्या उन्हाळ्यात बाबांना मोठं आजारपण आलं. त्यातून ते उठले, पण कान गेले. यंत्र आणलं, तर कानात नुसती घरघर. पहिल्या रविवारी त्यांनी हौसेने फोन हातात घेतला आणि खारीची गोष्ट सुरू केली. लेक म्हणाली, "मग?" तिकडे शांतता. ती पुन्हा म्हणाली, मग ओरडून म्हणाली. बाबा म्हणाले, "लाइन गेली वाटते," आणि त्यांनी फोन माझ्या भावाकडे दिला.

लेकीने माझ्याकडे बघून विचारलं, "आजोबा माझ्यावर अँग्री आहे?"

मला रडू आलं. पण मला रडू आलं की त्याच्या मागोमाग रागही येतो, आणि राग आला की मी काहीतरी बोलून बसते. मी भावाला सांगून टाकलं, "मे महिन्यात बाबांना इकडे पाठव. तोवर ही मराठी लिहायला शिकलेली असेल. दोघं लिहून बोलतील."

भाऊ हसला. "चार वर्षांचं पोर तिकडे इंग्लंडात मराठी लिहून राहिलं होय? तू पण ना, काहीही बोलून राहिली."

हे इंग्लंड नाही, वेल्स आहे, एवढं सुनावून मी फोन ठेवला आणि मग माझ्या लक्षात आलं की मी काय कबूल करून बसले आहे.

नवरा म्हणाला, "अगं, तिचं नर्सरीत आत्ता कुठे एबीसी चालू झालंय. दोन दोन लिप्यांनी कन्फ्यूज होईल ती." डॉक्टर माणूस काळजीच्या सुरात बोलला की ते निदानच वाटतं. मी दुसऱ्याच दिवशी नर्सरीच्या बाईंना विचारायला गेले. बाई विरोध करणार हे मी गृहीत धरलं होतं आणि भांडणाचे मुद्दे वाटेत इंग्रजीत पाठ केले होते. त्या म्हणाल्या, "खुशाल शिकवा की. आमच्या घरी मुलांशी मी वेल्शच बोलते. इथे तर रस्त्यावरच्या पाट्यासुद्धा दोन भाषांत असतात." एवढी तयारी केलेलं भांडण वाया गेल्याचं मला थोडं वाईटच वाटलं.

नागपूरहून येणाऱ्या एका ओळखीच्यांबरोबर मी मुळाक्षरांचा तक्ता मागवला. तो फ्रिजवर चिकटवला आणि हातात उलथनं घेऊन शिकवणं सुरू केलं. उ उखळाचा. लेकीने उखळ पाहिलेलं नव्हतं. ऐ ऐरणीचा. ऐरण तर मीही पाहिलेली नव्हती. वरच्या ओळींत तिच्या ओळखीचा निघाला तो फक्त एडका, कारण गावाबाहेर गाडी काढली की दोन्ही बाजूंना तेच. ती ए वर बोट ठेवून बें बें करायची आणि बाकीच्या अक्षरांकडे ढुंकून बघायची नाही. पेन्सिल दिली तर म्हणायची, हात दुखतो. महिनाभर मी ऐरणीवर घण घालावेत तसे तिच्यावर उखळ आणि ऊस घालत होते. शेवटी मी तक्त्याजवळ गेले तरी ती टॉयलेटला जायचंय म्हणायला लागली.

मग दिवाळी आली.

भाजणी नागपूरहून आली होती. मी टेबलावर कागद पसरून सोऱ्या दाबत होते आणि चकली वळायच्या आधीच तुटत होती, कारण पिठात पाणी कमी पडलं होतं. लेक टेबलाच्या पलीकडे, गॅसपासून लांब, स्टुलावर बसून माझी फजिती बघत होती. तिने तुटलेली एक लांब वळी उचलली, दोन वेटोळी केली आणि कागदावर ठेवून म्हणाली, "हा बाळाचा."

मी बघितलं. तो ळ होता. तक्त्याच्या अगदी खालच्या ओळीतला, बाळाच्या चित्राशेजारचा, जिथवर आमची गाडी कधी पोचलीच नव्हती. मी गॅस बंद केला.

बाबांच्या गोष्टीला काय लागतं? 'मग'. दोन अक्षरं, ना काना ना मात्रा. मी पिठाचा एक म केला आणि एक ग केला. तिने त्यांच्याकडे बघून तसेच तिचे केले. तिचा म जरा झोपलेला होता आणि ग ची काठी ग पासून फटकून उभी होती. मी ते चारही तळले. गार झाल्यावर तिने झोपलेला म उचलला, "म" म्हणाली आणि कडकन खाल्ला. महिनाभर ज्या पोरीने एक अक्षर तोंडातून काढलं नाही, तिने ते पोटात घातलं होतं.

त्यानंतर दिवाळी संपली तरी आमच्याकडची भाजणी संपली नाही. लेस्टरच्या इंडियन दुकानातून पिठं मागवून मी ती घरीच करायला लागले. दर शनिवारी अक्षरं तळायची. नियम एकच. नाव सांगितलं तर ते अक्षर तिचं, चुकलं तर नवऱ्याच्या बशीत. नवरा कन्फ्यूजनवाला, पण शनिवारी चहा घेऊन वेळेवर हजर राहायचा आणि ती अडखळली की त्याचे डोळे चमकायचे. एकदा त्याने तिला मुद्दाम चुकीचं नाव कानात सांगितलं. तिने ते ओळखलं आणि त्याच्या हातातला घ काढून घेतला. लिप्यांविषयी तो पुन्हा काही बोलला नाही. त्याचं पोट मात्र सुटलं, आणि ते मी पुरावा म्हणून सगळ्यांना दाखवायची.

तळताना अक्षरं मोडायची, आणि खरं शिक्षण तिथे झालं. क ची पुढची शेपटी तुटली की उरायचा व. हे तिने शोधलं, मी नाही. र च्या शेजारी व सरकवला की ख होतो हेही तिनेच शोधलं आणि त्या दिवशी ती एवढी खूश झाली की खायलाच विसरली. इतकी वर्षं मी मराठी लिहीत होते, पण ख मध्ये र आणि व शेजारी नांदतात हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. ते मला एका चार वर्षांच्या मुलीने तेलकट बोटांनी दाखवलं आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

लिहिण्याचं कोडं सोडवलं आमच्या भाड्याच्या घराने. स्वयंपाकघरातला पंखा बंद पडलेला होता. थंडीत कुकर लावला की खिडकीची काच पांढरी व्हायची. एजंट दर भेटीत भिंतीकडे बघून ओल येईल म्हणून बजावायचा. मी मान डोलवायची आणि तो गेला की डाळ लावायची. कारण पेन्सिल धरून दुखणारा हात काचेवर मुळीच दुखत नव्हता. दुसरी शिट्टी झाली की लेक स्टूल ओढत खिडकीशी यायची आणि बोटाने लिहायची. चुकलं तर तळहात फिरवायचा, सगळं साफ. 'मग' तिला डिसेंबरात आलं. पुढे काने आले, मात्रा कधी आल्या कधी राहिल्या. एप्रिलमध्ये ती 'आई', 'खार' आणि 'डाळ' लिहायला लागली. मी भावाला फोन करून हे सविस्तर सांगितलं. त्याने विचारलं नव्हतं तरी सांगितलं.

मे महिन्यात बाबा आले. नागपूर भट्टीसारखं तापलेलं सोडून कार्डिफच्या पावसात उतरले ते मफलर गुंडाळून. मी त्यांच्यासाठी एक पांढरा बोर्ड आणि निळं मार्कर आणून ठेवलं होतं. लेकीने त्यांना दारात पाहिलं आणि ती सोफ्याच्या मागे जाऊन बसली.

मला वाटलं, आज लाजते आहे, उद्या निघेल बाहेर. ती निघाली नाही. बाबा खुर्चीत बसून असायचे. ऐकू येत नाही म्हणून बोलायचे नाहीत, आणि बोलत नाहीत म्हणून लेकीला ते कुणी दुसरेच आजोबा वाटायला लागले. फोनवरचे आजोबा सारखे बोलायचे, हे नुसते हसायचे. मी बोर्ड तिच्यापुढे धरायची. "लिही ना, बाळा. मग लिही. येतं ना तुला?" ती मार्कर खाली ठेवायची. बाबा मला हातानेच राहू दे म्हणायचे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर अशी समजूत दिसायची की मीच बोर्ड उचलून बाजूला ठेवायची. माझी फुशारकी गेली असती तरी चाललं असतं. पण त्या म्हाताऱ्या माणसाला परत जाताना नात हवी होती.

चौथ्या दिवशी माझा तोल गेला. सकाळीच मी बाबांना ओरडले होते, कानातलं यंत्र त्यांनी पुन्हा डबीत ठेवून दिलं म्हणून. ओरडणं त्यांना ऐकू आलं नाही, पण माझं तोंड दिसत होतं. दुपारी बोर्डावरून लेकीला ओरडले. "सहा महिने कशाला चकल्या खाल्ल्यास? सगळं येतं तुला, आणि आजोबांसमोरच तोंड शिवलंय." ती रडली नाही. तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. ती नजर माझीच आहे असं सगळे म्हणतात.

बाहेर पाऊस लागला होता. मी धुसफुसत डाळ-तांदूळ कुकरला लावले. बाबा चहाचा कप ठेवायला स्वयंपाकघरात आले आणि टेबलाशी बसले. दुसरी शिट्टी झाली. काच पांढरी झाली. आणि मागून स्टूल ओढल्याचा आवाज आला.

मी वळले नाही. वळले असते तर ती थांबली असती, एवढं मला आता कळत होतं. भांडी घासत मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत राहिले. ती खिडकीशी उभी राहून लिहीत होती. बराच वेळ लिहीत होती. लिहून झाल्यावर ती बाजूला झाली, आजोबांना दिसावं म्हणून.

काचेवर लिहिलं होतं, 'आई ओरडत'. शेवटची मात्रा कुठेतरी राहिली होती.

बाबांनी चष्मा लावला. वाचलं. मग ते उठले, आल्यापासून मी त्यांना इतक्या चटकन उठताना पाहिलं नव्हतं, आणि खिडकीशी जाऊन त्यांनी तिच्या ओळीखाली बोटाने लिहिलं, 'मला पण'.

लेक काचेला नाक लावून उभी राहिली. तिचं बोट एकेका अक्षराखाली सरकलं. "म. ला. प." मग ती अडली. ण आम्ही फार वेळा तळला नव्हता, तो मोडायचा. "ण," ती म्हणाली. "मला पण." मग ती मागे वळली आणि खदखदून हसली. बाबाही हसले, खांदे हलवत, आवाज न करता. ते दोघं माझ्याकडे बघून हसत होते आणि मी साबणाच्या हातांनी ओट्याशी उभी होते. घरातले दोघं जण लेखी तक्रार करत होते आणि मला आयुष्यात कधी एवढं जिंकल्यासारखं वाटलं नव्हतं.

मला वाटलं झालं. पण लेक पुन्हा काचेकडे वळली. कोपऱ्यात थोडी पांढरी जागा उरली होती. तिथे तिने दोन अक्षरं काढली. म, आणि काठी फटकून उभी असलेला ग.

बाबांनी ते वाचलं. त्यांचे डोळे भरून आले होते. मग त्यांनी खुर्ची खिडकीशी ओढली, तिला मांडीवर घेतलं आणि कान गेलेली माणसं बोलतात तसं मोठ्याने म्हणाले, "मग काय बेटा, तुझी आई तुझ्याएवढी होती ना, तेव्हा त्या खारीने तिची वेणीची रिबीन पळवली."

ते थांबले. लेकीने मांडीवरूनच काचेवर, तिने आधी काढलेल्या 'मग' वर बोट ठेवलं. बाबांनी मान हलवली आणि पुढे सांगायला लागले. ती बोट उचलायची, ठेवायची. गोष्ट चालली.

कुकर गार होत आला होता. काच कडेने वाळायला लागली होती आणि माझ्यावरची तक्रार ओघळून खाली आली होती. वाफ 'मग' च्या कोपऱ्यापर्यंत विरत चालली होती.

मी डाळीचा डबा पुन्हा काढला, कुणाला नको असताना दुसरा कुकर लावला आणि गॅस मोठा केला.