बाबांचा पाय आणि गाडीचं नोझल

म्हातारा माणूस चालवत असलेली गाडी हिसके देऊ लागली, की लोक गाडीकडे बघतच नाहीत, माणसाकडे बघतात. या गोष्टीचा मला अजून राग येतो, म्हणून हे लिहितेय.

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. जिल्ह्याच्या या टोकाच्या वणीपासून त्या टोकाच्या उमरखेडपर्यंत असा रस्ता नसेल, ज्यावरचे खड्डे त्यांना पाठ नव्हते. निवृत्त झाल्यावर ते मारेगावजवळच्या आमच्या गावी शेतीवर राहायला आले आणि हौसेनं डिझेलची एक जुनी कार घेतली. बाजाराच्या दिवशी आई नवं पातळ नेसून पुढच्या सीटवर बसायची. कुणाच्या कपाशीच्या पऱ्हाटीला बोंडं जास्त लागली, कुणाची तूर पिवळी पडली, याचा निकाल ती खिडकीतूनच लावायची. बाबा "हो, हो" म्हणत गाडी हाकायचे. आमच्या घरातलं सुख म्हणजे एवढंच होतं, पण ते भरपूर होतं.

मग गाडी बिघडत गेली. एकदम नाही, हळूहळू. सकाळी चावी फिरवली की खोकायची, पांढरा धूर सोडायची. उभी असली की थरथरायची. दुसऱ्या गियरला असा हिसका द्यायची की आईच्या मांडीवरची पिशवी खाली पडायची. पहिला दोष बाबांनी स्वतःलाच दिला. "क्लचवरचा पाय नीट सुटून नाही राह्यला," ते म्हणाले. गुडघा दुखत होताच. गावाला तेवढं निमित्त पुरलं. पारावरचे लोक म्हणू लागले, "बाबाजी, आता ड्रायव्हर ठेवा बा." जन्मभर ज्यानं गाडी चालवली, त्याला हे ऐकावं लागावं!

आई मागच्या सीटवर जाऊन बसू लागली. पाय लांब करता येतात, असं कारण सांगायची आणि पुढची सीट दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवायची. बाबांना ते आरशात दिसायचं.

दिवाळीत नागपूरहून दादा आला. गावाबाहेर नाल्यावर पूल आहे आणि कुठल्याही बाजूनं या, पुलानंतर लगेच चढ. त्या चढावर भर दुपारी गाडी बंद पडली. मागे कोळशाचा ट्रक हॉर्नवर हॉर्न देत होता, आई मागे देवाचं नाव घेत होती. घरी आल्यावर दादानं चावी काढून देवघरातल्या खुंटीला अडकवली. "बाबा, आता बस झालं. तुमचा पाय साथ देऊन नाही राह्यला. गाडी विकून टाकू." दादा वाईट नाही, पण घाबरला की तो लगेच साहेब होतो. बाबांनी होकारार्थी मान हलवली. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

मी वणीत राहते. त्यानंतर एका रविवारी गावी गेले, तर बाबा ओट्यावर बसून रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीचा आवाज ऐकत होते. एरवी आवाजावरून ते ड्रायव्हरचा हात ओळखायचे आणि "यानं गियर उशिरा टाकला" म्हणून नावं ठेवायचे. त्या दिवशी एसटी करकरत गेली, तरी बाबा गुडघाच चोळत बसले.

"काहून, आज चूक नाही काढली?" मी विचारलं.

"आपल्या पायात दम नाही, तं दुसऱ्याच्या चुका कायले काढा?"

माझं डोकं फिरलं. मी तशीच देवघरात गेले, चावी काढली आणि त्यांना बाजूला बसवून गाडी बाहेर काढली. गाडीनं मलाही तोच हिसका दिला, तसाच खोकला, तीच थरथर. चढावर तर ती रडकुंडीला आली.

बाबा समजुतीनं म्हणाले, "तुले अजून सवय नाही, बाई."

"मले सवय नाही, तुमचा पाय गेला, अन् गाडीले काहीच झालं नाही काय?" मी ओरडलेच. "ते महाराणी हाय काय? तिलेच कोणी काही म्हणून नाही राह्यलं!"

बाबांनी पहिल्यांदाच पायाऐवजी बॉनेटकडे बघितलं. मग म्हणाले, "वणीले घे."

वणीत खाणींमुळे ट्रकच ट्रक. त्यामुळे इंजिनातले डिझेलचे पंप आणि नोझल दुरुस्त करणारी दुकानं ओळीनं आहेत. त्यातल्या एका मिस्त्रीनं चाचणी म्हणून इंजिनातली चारही नोझलं काढली. नोझल म्हणजे बोटाएवढी वस्तू. त्याच्या टोकाच्या बारीक छिद्रांतून इंजिनात डिझेल उडतं. त्यानं एक नवं नोझल यंत्रावर बसवून दांडा दाबला. फुस्स करून धुक्यासारखा फवारा उडाला. मग आमचं लावलं. त्यातून बारीकशी धार वाकडी निघाली आणि टोकावर थेंब लोंबत राहिला.

ज्याच्या घरी कापूस आहे, त्याला फवारणीच्या पंपाचं नोझल शिकवावं लागत नाही. बाबा वाकून बघत होते, ते एकदम म्हणाले, "हे फवारून नाही राह्यलं, हे तं मुतून राह्यलं!"

मिस्त्री खो खो हसला. "तेच तं काका. धार पडली की डिझेल पुरं जळत नाही. मंग धूर येते, गाडी हिसके देते, चढावर दम सोडते. कोणीही चालवो."

"कोणीही?"

"मी चालवली तरी."

बाबांनी गुडघ्यावर हात ठेवला. हळूच, जसा लेकराच्या डोक्यावर ठेवावा. "म्हणजे पाय नाही माह्या," ते म्हणाले. मी तोंड फिरवून रस्त्यावरचे ट्रक बघू लागले, कारण मला रडू आलं होतं.

मग मिस्त्रीनं डिझेलचा फिल्टर उघडला. त्यातून गढूळ पाणी निघालं आणि त्यामागून ओल्या तंतूंचा बोळा. "फिल्टरच चोंदला. म्हणून घाण पुढे गेली अन् नोझलं बसली. हे सूत कोठचं, काका?"

मला कळलं आणि बाबांनाही कळलं. पेट्रोलपंप दूर, म्हणून ट्रॅक्टरसाठी आमच्याकडे डिझेलचा ड्रम भरून ठेवतात. तो ठेवतात कापसाच्या खोलीत. त्यातलंच डिझेल कारमध्ये जायचं आणि ते ओतायचं काम आईचं. आई पाणी गाळते, दूध गाळते, चहा तर गाळतेच. तिच्या मते गाळलं की सगळं शुद्ध. डिझेलही ती आपल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून दोनदा गाळायची, यांच्या गाडीला कचरा लागू नये म्हणून. ते कापड विरून विरून डिझेलमध्ये उतरत होतं, वरून रुई पडत होती आणि ड्रमाच्या तळाशी दमटपणानं साचलेलं पाणी त्यातून खुशाल पार होत होतं.

मला हसावं की रडावं कळेना. बाबांनी माझा हात धरला. "तुह्या मायले सांगू नोको."

"काहून?"

"आपल्यानंच बिघडलं, असं वाटत राह्यलं का माणसाले घास गोड नाही लागत. मले मालूम हाय."

दोन नोझलं साफ होऊन पुन्हा फवारू लागली, दोन बदलावी लागली. नवा फिल्टर बसला. बाबांनी पाणीही अडवणारं, बारीक जाळीचं एक नरसाळं घेतलं. माझं घर जवळच होतं, पण मी उतरले नाही. बाबा गाडी कशी नेतात, ते मला बघायचं होतं. मारेगाव मागे पडलं, पूल आला, चढ आला आणि गेला. मी टाळ्या वाजवल्या, तर म्हणाले, "लहान हायस काय?" पण मिशीत हसत होते.

घरी त्यांनी आईच्या हातात नरसाळं दिलं. "डिझेल आता याच्यातून गाळत जाय. अन् ड्रम बाहेर ठेवू. लुगडं कायले खराब करतं."

आई काही खुळी नाही. तिनं नरसाळं उलटंपालटं करून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. बाबा घाईघाईनं नवीन नोझलं कशी असतात ते सांगू लागले. तिनं ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चहा ठेवतो." चहा गाळताना मात्र तिनं पदराला डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी मारेगावचा बाजार होता. मलाही तिथूनच एसटी धरायची होती, म्हणून मी आधीच मागे बसले होते. आईनं सवयीनं गाडीचं मागचं दार उघडलं, क्षणभर थांबली, पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि पुढे जाऊन बसली. बाबा समोरच बघत होते, पण त्यांचे कान लाल झालेले मला मागून दिसले. गावाबाहेर पडेपर्यंत आईनं दोन शेतांचा निकाल लावला. मग ऊन लागलं म्हणून पदर डोक्यावर ओढून घेतला. पूल यायच्या आधीच तिचा डोळा लागला.

पूल ओलांडून चढ आला. बाबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि गियर बदलला. तिची झोप मोडली नाही.