लुआची भवानी

सायगॉनच्या मोठ्या बाजारात भवानी होण्याआधी लुआला येऊ द्यावं की नाही, याबद्दल विक्रेत्यांचं एकमत नाही. खुद्द लुआलाही काही सांगता येत नाही.

ती परदेशी पाहुण्यांना शहर दाखवते. सकाळी चर्च आणि बाजार, संध्याकाळी नदीकाठ आणि दिव्यांच्या गल्ल्या. पाहुणे दर विचारतात, फळ हातात धरून फोटो काढतात आणि हसून पुढे जातात. पहिलंच गिऱ्हाईक असं रिकाम्या हातानं गेलं की दिवस बुडाला, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. गेल्या वर्षी अशाच एका घोळक्यामागून फळवाल्या साउमावशींनी कागद पेटवला आणि अवदसा जावी म्हणून मालावरून फिरवला. धुरापलीकडे लुआ उभी होती. पायगुण वाईट, असा शिक्का बसला तो तिच्यावर.

तिनं उपाय काढला. पाहुण्यांना वळणावर थांबवायचं, आपण पुढे होऊन घासाघीस न करता काहीतरी घ्यायचं, मग त्यांना आणायचं. घरी फळं सडू लागली. पण एके दिवशी तिनं साउमावशींकडे भवानी केली आणि त्यांचा माल दुपारच्या आत संपला. दुसऱ्या सकाळी त्याच मावशी वाट अडवून उभ्या होत्या. “आधी माझ्याकडे. त्या मासेवालीकडे गेलीस तर बघ.”

मासेवालीकडेही ती आदल्याच दिवशी भवानी करून आली होती. तिथं बर्फ वितळून मासळी खराब झाली होती. मासेवाली अजून तिच्याशी बोलत नाही.

हात तेच, पाय तेच. कुणाचं खरं मानावं, हे लुआला कळेना.

हा घोळ बाजारातच राहिला असता. पण धाकटी बहीण गाम हिनं शिवणयंत्र विकून कालव्याकाठी गोगलगायींची खानावळ काढली. पहिल्या संध्याकाळचं पहिलं गिऱ्हाईक म्हणून तिनं तीन पेढ्या असलेल्या एका सोनाराला बोलावलं. मग बहिणीकडे आली.

“ताई, तू ये हं. पण जरा गर्दी झाल्यावर.”

“म्हणजे येऊ नको?”

“तसं नाही गं. साउमावशी म्हणतात, तुझा हात सोन्याचा. मासेवाली म्हणते...”

“तिचं मला ठाऊक आहे. तुला काय वाटतं?”

“तेच कळत नाही. म्हणून तर झोप नाही मला.”

त्या संध्याकाळी लुआ रस्त्यापलीकडे उसाच्या रसाच्या गाडीआड थांबली. स्टुलं मांडून झाली, निखारे फुलले, सोनाराचा पत्ता नव्हता. आलं ते एक परदेशी जोडपं. सकाळच्या पाहुण्यांपैकीच, आणि त्यांना हा पत्ता लुआनंच कौतुकानं दिलेला. त्यांनी गोगलगायींच्या घमेल्यांचे फोटो काढले, दर विचारले, एकमेकांकडे पाहिलं आणि उठू लागले. गाम हसत होती, पण तिच्या हातातला झारा हलत नव्हता.

रस्ता सावकाश ओलांडा, असं पाहुण्यांना बजावणारी लुआ दुचाक्यांच्या लोंढ्यातून पळत सुटली आणि पुढच्याच स्टुलावर बसली.

“एक बशी दे. नारळाच्या दुधातली. दर सांगू नकोस.”

गामनं आधी रस्त्याकडे पाहिलं, मग बहिणीनं पुढे केलेल्या नोटेकडे.

“सुटे आहेत का, ताई?”

“वरचे ठेव.”

“नको. भवानीला वरचे घेऊ नयेत म्हणतात.”

“कोण म्हणतं?”

“ते नाही माहीत.”

शेवटी तिनं नोट घेतली आणि एकेका घमेल्यावर टेकवली. वाफाळती बशी बघून जोडपं परत बसलं. थोड्या वेळानं सोनार आला. भवानी झाल्याचं कळताच त्याचा चेहरा पडला, आणि तो न जेवता गेला. हा अपशकुन धरायचा का, यावर दोघी बहिणींची कुजबुज झाली, निकाल लागला नाही. रात्रभरात निम्मी स्टुलं भरली, निम्मी रिकामी राहिली. शेजारची भातवाली म्हणाली, पहिल्या दिवसाला बरं आहे. तिच्याच नवऱ्याला ते कमी वाटलं.

निखारे विझवताना गामनं विचारलं, “उद्या येशील ना?”

“कधी? आधी की नंतर?”

गामनं घमेलं घासायला घेतलं. “तू ये तर खरी,” ती म्हणाली.